शरीरातला निरोप कोण ऐकतं?

आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वह्या भरून झाल्या, की शेवटची पंधरा-वीस मिनिटं आम्ही आरोग्यावर बोलतो. गेल्या काही बैठकांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. दहा वर्षांच्या मुलीच्या छातीत एकाच बाजूला गाठ लागते, काय करायचं? सुनेला बाळंत होऊन दोन दिवस झाले, अजून दूध उतरलं नाही, वरचं द्यायचं का? आणि तिसरा प्रश्न, तो बैठक उठल्यावर हळू आवाजात विचारलेला: गाठीचं ऑपरेशन तर झालं, मग ही रोजची गोळी अजून किती दिवस घ्यायची?

तीन वयांच्या बायकांचे हे तीन प्रश्न. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तिचं नाव रिसेप्टर. शब्द नवा वाटेल, पण गोष्ट अवघड नाही. आज तीच समजून घेऊ.

आधी हार्मोन म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात. शरीरातल्या ग्रंथी रक्तात सोडतात तो हा निरोप. अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन येतं, डोक्यातल्या एका छोट्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन येतं. रक्त सगळीकडे फिरतं, म्हणजे हा निरोपही डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळीकडे जातो. मग इस्ट्रोजेन वाढलं की स्तन वाढतात, कान का नाही वाढत?

याचं उत्तर तुमच्यासमोरच आहे. आत्ता आपला हा कार्यक्रम आसपासच्या सगळ्या गावांवरून चाललाय. घरावरून, गोठ्यावरून, बांधावरून. पण ऐकू कुणाला येतो? ज्या घरात रेडिओ आहे आणि त्यावर आपलं स्टेशन लावलंय, त्यालाच. शेजारच्या घरात रेडिओ नसेल, तर कार्यक्रम त्यांच्याही घरावरून जातो, पण त्यांना पत्ता नसतो. आपल्या पेशींचं तसंच आहे. ज्या पेशीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे, तीच इस्ट्रोजेनचा निरोप ऐकते. रिसेप्टर म्हणजे पेशीतलं एक खास प्रथिन. प्रत्येक हार्मोनचा रिसेप्टर वेगळा. इस्ट्रोजेनचा पेशीच्या आत असतो, प्रोलॅक्टिनचा पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतो. हार्मोन येऊन त्याला चिकटलं, की पेशी कामाला लागते.

आणखी एक गंमत. निरोगी स्तनात सगळ्याच पेशींकडे हा रिसेप्टर नसतो, थोड्या पेशींकडे असतो. त्या निरोप ऐकतात आणि शेजारच्या पेशींना सांगतात, "चला, वाढायचंय." वाढतात त्या मुख्यतः शेजारच्या पेशी. एका घरात रेडिओ लागला आणि बातमी नळावरच्या सगळ्या बायकांना कळली, तसं.

आता स्तन कसा तयार होतो ते जन्मापासून पाहू. बाकीचे अवयव आपण घेऊनच जन्माला येतो. स्तन मात्र अर्धवट असतो. जन्मताना फक्त बोंडाखाली थोड्या बारीक नळ्या असतात, मुलग्यातही आणि मुलीतही. पोटात असताना आईच्या रक्तातली हार्मोन्स बाळापर्यंत पोहोचलेली असतात. त्यामुळे जन्मल्यावर काही बाळांची छाती सुजल्यासारखी दिसते, कधी दुधाचा थेंबही येतो. आपल्याकडे न्हाऊ घालताना ती छाती पिळायची रीत आहे. "पिळलं नाही तर गाठ राहील," म्हणतात. मैत्रिणींनो, हे करू नका. आईची हार्मोन्स उतरली की काही आठवड्यांत सूज आपोआप जाते. पिळल्यानं मात्र जखम होते, जंतू शिरतात, पू होतो. त्या कोवळ्या नळ्यांनाच इजा झाली, तर पुढे मुलीचा तो स्तन नीट वाढत नाही. तेल लावा, न्हाऊ घाला, पण छातीला पिळू नका.

त्यानंतर कित्येक वर्षं शांतता. साधारण 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान मुलीची अंडाशयं इस्ट्रोजेन सोडू लागतात. स्तनातले रिसेप्टर ते ऐकतात आणि बोंडाखालच्या त्या नळ्या लांब व्हायला, फांद्या फुटायला लागतात. आजूबाजूला चरबी साठते. सुरुवात होते ती बोंडाखाली सुपारीएवढ्या घट्ट चकतीनं. दाबलं की दुखते. बहुतेकदा एका बाजूला आधी येते, दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी. म्हणून आया घाबरतात. ही गाठ म्हणजे आजार नाही, ती स्तनाची कळी आहे. ती चोळू नये, शेकू नये, काढून टाकायचा तर विचारही करू नये. कळीच काढली तर स्तन कुठून येणार? 8 वर्षांच्या आतच हे सुरू झालं, किंवा 13 वर्षं पूर्ण झाली तरी काहीच नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि वयात येणाऱ्या मुलाच्या छातीतही कधी अशी चकती येते. त्यालाही चिडवू नका. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत जाते.

पाळी सुरू झाली की दुसरं हार्मोन कामाला लागतं, प्रोजेस्टेरॉन. महिन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात ते वाढतं. त्याचेही रिसेप्टर स्तनात असतात. पाळीच्या आधी स्तन जड होतात, दुखतात, हाताला गाठीगाठी लागतात, ते यामुळे. पाळी येऊन गेली की हलकं वाटतं. म्हणून स्तन हातानं पाहायचे तर पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांत पाहावेत. आधी पाहाल तर उगीच घाबराल.

पण स्तनाची खरी वाढ पूर्ण होते गरोदरपणात. ज्यांच्या दारात गाय-म्हैस आहे त्यांना हे सांगायला नको. कालवडीची कास आधी दिसतही नाही. गाभण राहिली की महिन्या-महिन्यानं भरत जाते. बाईचंही तेच. नऊ महिने इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन तिन्ही वाढतात. नळ्यांच्या टोकाला द्राक्षांच्या घोसासारख्या दूध बनवणाऱ्या पिशव्या तयार होतात. शास्त्रज्ञांनी उंदरांवर हे तपासलं आहे. ज्या मादीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच नव्हता, तिच्या नळ्या लहान पिलासारख्याच राहिल्या. जिच्यात प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर नव्हता, तिच्यात नळ्या झाल्या पण पिशव्या झाल्या नाहीत. हार्मोन रक्तात होतं, ऐकणारं कुणी नव्हतं.

मग नऊ महिने तयारी झाली तरी आधी दूध का येत नाही? कारण प्रोजेस्टेरॉन त्याला थोपवून धरतं. बाळ जन्मलं, वार पडली, की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं. बांध निघतो आणि प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते. याला साधारण दोन ते चार दिवस लागतात. सुनेला बाळंत होऊन दोन दिवस झाले, अजून भरून दूध उतरलं नाही, तर तिचं काही चुकलेलं नाही. वेळ व्हायची आहे. तोवर येतो तो घट्ट पिवळसर चीक. थोडाच असतो, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. तो पिळून टाकायचा नाही, आणि मधाचं बोट किंवा गुटीही द्यायची नाही. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यायचं. चार दिवस होऊनही दूध उतरलं नाही, किंवा बाळाला लघवी कमी होतेय, बाळ मलूल वाटतंय, तर नर्सबाईंना लगेच दाखवा. कधी वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, त्यानंही दूध अडतं.

पुढे दूध किती येणार हे ठरतं बाळाच्या ओढण्यावर. बाळ जितक्या वेळा ओढतं, तितक्या वेळा प्रोलॅक्टिन वाढतं. रात्री ते जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडू नये. स्तन लहान म्हणून दूध कमी, हे खरं नाही. आकार बहुतेक चरबीचा असतो. दूध बनवणाऱ्या पिशव्या लहान स्तनातही पुरेशा असतात. वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी होतं, आणि मग आपणच म्हणतो, हिला दूधच नाही.

आणि पान्हा? वासरानं ढुसण्या दिल्याशिवाय गाय पान्हवत नाही, हे आपण रोज पाहतो. ते काम ऑक्सिटोसिनचं. दुधाच्या पिशव्यांभोवती आवळणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर असतात. बाळ ओढतं, कधी नुसतं रडतं, तरी हा निरोप सुटतो आणि पिशव्या आवळून दूध पुढे येतं. पण भीती, दुखणं, ताण असला की हा निरोप अडतो. अनोळखी माणूस धार काढायला बसला तर म्हैस पान्हा चोरते ना? मग बाळंतिणीला उठता-बसता "तुला दूध नाही" म्हणून बोललं, तर तिचा पान्हा कसा सुटेल? सासूबाईंनी आणि जावांनी हे जरूर ऐकावं. डिंकाचे लाडू करा, अळिवाची खीर करा, पण त्याबरोबर दोन चांगले शब्दही द्या.

इथं एक औषधाची गोष्ट सांगतो. आशाताईंच्या पिशवीत "छाया" नावाची गोळी असते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली, आणि 2016 पासून सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात आहे. ती रिसेप्टरवरच काम करते. गर्भाशयात इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर जाऊन बसते, त्यामुळे निरोप नीट पोहोचत नाही आणि गर्भ रुजत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. उलट ज्या रोजच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्या दुधावर परिणाम करू शकतात, म्हणून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या देत नाहीत. कोणती गोळी घ्यायची ते आशाताईंना, डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रिसेप्टर अडवून औषध काम करतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

जी पेशी शेजारणीला निरोप सांगायची, तीच कधी बिघडते. निरोप ऐकून स्वतःच वाढत सुटते, थांबत नाही. हा कॅन्सर. स्तनाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये रिसेप्टर असतात असं नाही, पण बऱ्याच बायकांच्या गाठीत असतात. हे कळायला माणसाला साठ वर्षं लागली. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात जॉर्ज बीटसन नावाचे डॉक्टर होते. गाय व्याल्यावर तिची अंडाशयं काढली तर दूध जास्त काळ चालतं, असा प्रघात काही देशांत आहे, हे त्यांना माहीत होतं. यावरून त्यांनी ताडलं की अंडाशयाचा आणि स्तनाचा काहीतरी संबंध आहे. त्यांनी कॅन्सर पसरलेल्या बायकांची अंडाशयं काढून पाहिली आणि 1896 मध्ये जाहीर केलं, की गाठ आक्रसते. पण पुढे दिसलं, की काहींचीच आक्रसते, बाकीच्यांची नाही. का, ते कुणाला सांगता येईना. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकागोला एल्वुड जेन्सन यांनी खूण केलेलं इस्ट्रोजेन उंदराच्या माद्यांना दिलं. ते गर्भाशयात टिकून राहिलं, बाकी स्नायूंतून निघून गेलं. म्हणजे गर्भाशयात त्याला धरणारं काहीतरी होतं. तोच रिसेप्टर. ज्या गाठीत तो आहे, तिला इस्ट्रोजेन तोडून रोखता येतं. ज्या गाठीत नाही, तिला नाही.

म्हणून आज गाठीचा तुकडा तपासायला गेला, की रिपोर्टवर तीन ओळी येतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा, आणि तिसरा हर-टू, तो वेगळ्या जातीचा रिसेप्टर, त्याचं औषधही वेगळं. ईआर किंवा पीआर असेल तर बहुतेकींना रोजची गोळी देतात. टॅमॉक्सिफेन ही त्यातली सगळ्यांत जुनी. ती स्तनातल्या रिसेप्टरवर जाऊन बसते, मग इस्ट्रोजेनला जागाच राहत नाही. पाळी गेलेल्या बाईला लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल देतात. त्या गोळ्या शरीरात इस्ट्रोजेन बनणंच कमी करतात. म्हणजे एक गोळी रेडिओ अडवते, दुसरी स्टेशनच बंद करते. तिन्ही ओळी निगेटिव्ह असतील तर या गोळ्यांचा उपयोग नाही, तिथं केमोथेरपी आणि दुसरे उपचार असतात.

आमच्या एका गटातल्या ताईंचं ऑपरेशन झालं होतं, नंतरचे उपचारही झाले. रोजची गोळी सुरू होती. आठ महिन्यांनी त्यांनी ती बंद केली आणि घरी कुणाला सांगितलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गाठ तर काढली. गोळीनं अंगातून वाफा निघतात. आणि खरं सांगू? रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहिलंय. म्हणजे आजार गेलाच नाही. मग कशाला पैसे घालवायचे?" कोरोनात पॉझिटिव्ह म्हणजे आजार, हे सगळ्यांच्या मनात बसलंय. त्यांनी ती फाईल पेटीच्या तळाशी ठेवली होती. आम्ही त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी समजावलं: ही ओळ म्हणजे आजार शिल्लक आहे असं नाही. या ओळीचा अर्थ, तुमच्या आजाराला ही गोळी लागू पडते. चांगल्या अर्थाची ओळ आहे. ताईंनी गोळी पुन्हा सुरू केली.

मैत्रिणींनो, ही गोळी पाच वर्षं घ्यायची असते, काहींना डॉक्टर दहा वर्षंही सांगतात. गाठ काढल्यावर एखादी पेशी कुठंतरी दडून राहिलेली असू शकते. तिच्यापर्यंत निरोप पोहोचू नये, म्हणून ही गोळी. जगभरच्या हजारो बायकांच्या नोंदी एकत्र करून पाहिलं आहे: ईआर असलेल्या ज्या बायकांनी टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतली, त्यांच्यात पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. गोळी थांबल्यावरही तिचा फायदा टिकतो, पण आधी ती पुरी घ्यावी लागते. अंगातून वाफा येणं, पांढरं जाणं, पाळी मागे-पुढे होणं, हे त्रास होतात. ते डॉक्टरांना सांगा, गोळी स्वतःहून सोडू नका. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा एका पायाला सूज येऊन दुखू लागलं, दम लागला, तर त्याच दिवशी दाखवा. गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नका. गोळी परवडत नसेल तर लपवू नका. टॅमॉक्सिफेन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, जेनेरिक मिळते. ऑपरेशन आणि केमोथेरपीसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे.

आणि ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांनीही ऐका. न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी जाड कातडी, आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून रक्त, काखेतली गाठ, यातलं काही दिसलं तर लाजू नका. दुखत नाही म्हणून थांबायचं, हीच मोठी अडचण आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं 1998 पासून दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्यांना दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हातानं तपासत होत्या. तपासलेल्या बायकांत आजार लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. मोठं यंत्र नव्हतं, शिकलेला हात होता. तिशीनंतर आपल्या उपकेंद्रात अशी तपासणी करतात. नर्सबाईंना विचारा, गटानं मिळून जा.

शेवटी आमच्या गटांनी काय ठरवलंय ते सांगतो. जिला अशी रोजची गोळी चालू आहे आणि जिची हरकत नाही, तिच्या नावापुढे बचतीच्या वहीत एक जादा रकाना आखायचा. महिन्याची बैठक आली की हप्त्याबरोबर विचारायचं, गोळ्या आणल्या का? संपत आल्या का? तालुक्याला जाणारी जी असेल तिनं सगळ्यांच्या आणायच्या. पैसे कमी पडले तर अंतर्गत कर्जातून द्यायचे, त्यावर व्याज नाही. कर्जाचा एक हप्ता चुकला तर आपण तिच्या दारात जातो. गोळी चुकली तरी तसंच जायचं.

तुमच्या घरात अशी कुणाची फाईल पेटीत असेल, तर आज बाहेर काढा. त्यावर ईआर, पीआर काय लिहिलंय ते आशाताईंना किंवा डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा. पुढच्या भागात पाळी जाण्याच्या वयाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.